ग्रहताऱ्यांच्या चित्राखाली एक ओळ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रहताऱ्यांच्या बातम्यांसोबत आपण जी चित्रे छापता, त्यांच्याविषयी हे पत्र आहे. पत्र लांबले आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझ्याविषयीचा मजकूर काढा, मागणी तेवढी राहू द्या.

मी बार्शीत राहते. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांत ३१ वर्षे भूगोल शिकवला आणि २०१८ मध्ये निवृत्त झाले. २००९ हे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र वर्ष होते. त्या वर्षी दिवाळीला पुण्याहून आलेल्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला एक सीडी दिली. तीत 'सेलेस्टिया' आणि 'स्टेलॅरियम' ही संगणकावर आकाश दाखवणारी दोन सॉफ्टवेअर होती, दोन्ही विनामूल्य. तोवर मी शनी फळ्यावर काढत असे : खडूने एक गोल आणि त्याभोवती लंबगोल. सेलेस्टियात मी शनीच्या मागच्या बाजूला गेले, सूर्य पलीकडे ठेवला, आणि शनीच्या गोलाची काळी सावली त्याच्याच कड्यांवर पडलेली दिसली. प्रकाश आणि छाया हा पाठ मी कितीतरी वर्षे शिकवला होता. शनीची सावली त्याच्या कड्यांवर पडत असणार हे माझ्या मनात कधी आलेच नव्हते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर सात वाजेपर्यंत मी संगणकापुढून उठले नाही.

ज्यांनी ही सॉफ्टवेअर पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगते. स्टेलॅरियम आपल्याला जमिनीवर उभे करते. गावाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ दिली की त्या गावाच्या गच्चीवरून त्या क्षणी कृत्तिका कुठे असतील, व्याध केव्हा उगवेल, चंद्र किती कलेचा असेल ते दिसते. फाब्यान शेरो या फ्रेंच तरुणाने पंचवीसेक वर्षांपूर्वी ते सुरू केले आणि आज जगभरची मंडळी ते वाढवत आहेत. सेलेस्टिया आपल्याला जमिनीवरून उचलते आणि अंतराळात हव्या त्या ग्रहाजवळ नेते. ख्रिस लॉरेल यांनी ते २००१ मध्ये आणले. त्यातले सुमारे १ लाख १८ हजार तारे युरोपच्या 'हिप्पार्कस' उपग्रहाच्या यादीतून घेतलेले आहेत. चित्र संगणकाने रंगवलेले असते, पण ताऱ्यांच्या आणि ग्रहांच्या जागा मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या असतात. हवे ते दृश्य सापडले की सेलेस्टियात एफ १० आणि स्टेलॅरियममध्ये कंट्रोल व एस दाबायचे. चित्र फाइलमध्ये उतरते. मी आजवर अशी शेकडो चित्रे केली, मुलांना वाटली, शाळेच्या भिंतीवर लावली. म्हणून आता जे सांगणार आहे त्यात माझाही दोष आहे.

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी आकाशात एकमेकांच्या अगदी जवळ आले होते. दोघांतले अंतर अंशाच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या भागाइतके उरले होते. करोनामुळे लहान मुलांच्या शाळा बंद होत्या, मुले घरात कोंडलेली होती. दोन दिवस आधी मी स्टेलॅरियममध्ये बार्शीचे अक्षांश-रेखांश घातले आणि संध्याकाळी पावणेसातची दोन चित्रे केली. एकात नैऋत्येचे आकाश, क्षितिजावर झाडे आणि वर शेजारी-शेजारी दोन ठिपके. दुसऱ्यात दुर्बिणीतून दिसावे तसे मोठे केलेले दृश्य : कड्यांसह शनी, पट्ट्यांसह गुरू आणि त्याचे चार चंद्र. दोन्ही चित्रे जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. ही संगणकावर केलेली चित्रे आहेत, दुसऱ्यासाठी दुर्बीण लागेल, हे मी खाली वेगळ्या संदेशात लिहिले होते. चित्रे पुढे गेली. संदेश मागेच राहिला.

एकवीस तारखेला आमच्या गच्चीवर आळीतली सात-आठ मुले जमली. आकाश स्वच्छ होते, डिसेंबरात आमच्याकडे असते तसे. पूर्वेकडून ज्वारीच्या रानांवरून गार वारा येत होता. दोन तेजस्वी ठिपके इतके जवळ की डोळे बारीक करून पाहिल्याशिवाय वेगळे दिसेनात. माझ्या आयुष्यात मी असे पाहिले नव्हते, पुन्हा पाहणारही नाही. आणि शेजारची नऊ वर्षांची मुलगी आईचा मोबाईल हातात धरून एकदा पडद्याकडे, एकदा आकाशाकडे बघत म्हणाली, ''बाई, कडं कुठंय? ह्यात तर हाय.'' मी तिला समजावले. तिने मान हलवली आणि पाच मिनिटांत खाली निघून गेली. शनी आणि गुरू आठच्या सुमारास मावळले, तोवर गच्चीवर मोठी दोनच मुले उरली होती.

चारशे वर्षांतली जवळीक डोळ्यांसमोर असताना एक मूल निराश होऊन गेले आणि त्याचे कारण मी केलेले चित्र होते. हे मला अजून सलते.

त्याच आठवड्यात पहिले चित्र, झाडांचे, एका स्थानिक अंकात छापून आले. खाली ओळ होती : शहरातील हौशी छायाचित्रकाराने टिपलेले दृश्य. मी चित्र लगेच ओळखले, ते झाडांवरून. स्टेलॅरियम उघडले की क्षितिजावर आपोआप येणारे ते रान फ्रान्समधल्या गेरँ नावाच्या गावाजवळचे आहे. आकाश बार्शीचे, झाडे फ्रान्सची. क्षितिज बदलायचे माझ्या लक्षात आले नव्हते. पुढे तेच चित्र पन्हाळ्यावरून घेतलेले म्हणून मला दोघांनी पाठवले. त्या अंकाच्या कचेरीत मी फोन केला तेव्हा मला सांगण्यात आले की वाचकांना चित्र आवडले आहे, आता त्यात काय एवढे.

त्यात पुष्कळ आहे. फोटो म्हणजे कुणीतरी तिथे होते, प्रकाश आला, कॅमेऱ्यात उतरला. संगणकचित्र म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे त्यावरून असे दिसायला हवे, हे सांगणे. दोन्हींची किंमत मोठी आहे, पण ती वेगवेगळी आहे. आणि संगणकचित्रातही सगळेच सारख्या खात्रीचे नसते. हा भाग मला स्वतःला उशिरा कळला, म्हणून तो जरा सविस्तर लिहिते.

२०१२ मध्ये आम्ही शाळेत सूर्यमालेचा मोठा फ्लेक्स केला. सगळी चित्रे सेलेस्टियातली. त्यात प्लूटोही होता, तपकिरी, डागाळलेला. तेव्हा प्लूटो जवळून कुणीच पाहिलेला नव्हता. हबल दुर्बिणीलाही तो काही धूसर ठिपक्यांएवढाच दिसत होता. बाकीचा पृष्ठभाग अंदाजाने रंगवलेला. गुरू, शनी, मंगळ यांच्या शेजारी तो तितक्याच ठसठशीतपणे बसला होता आणि मी त्याच्याखाली 'अंदाज' हा शब्द लिहिला नव्हता. १४ जुलै २०१५ रोजी न्यू होरायझन्स यान प्लूटोपासून सुमारे साडेबारा हजार किलोमीटरवरून गेले. वर्तमानपत्रांत फोटो आले आणि त्यावर बदामाच्या आकाराचा तो पांढुरका प्रदेश होता, ज्याला आज प्लूटोचा शोध लावणाऱ्या क्लाइड टॉम्बॉचे नाव आहे. आमच्या प्लूटोवर त्यातले काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वर्तमानपत्रातले कात्रण फ्लेक्सवर जुन्या प्लूटोच्या शेजारी चिकटवले, झाकून नव्हे. जुन्याखाली लिहिले 'आम्हांला असा वाटत होता' आणि नव्याखाली 'असा आहे, १४ जुलै २०१५'. सूर्यमालेवर मी घेतलेल्या सगळ्या तासांत तो तास मुलांनी सर्वांत जास्त लक्षात ठेवला. भेटतात तेव्हा अजून बोलतात.

धूमकेतूंचे तर आणखी वेगळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिन्शान-ॲटलास हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसला. स्टेलॅरियममध्ये त्याची कक्षा घालून मी रोजची जागा काढत होते आणि जागा अचूक येत होती. पण शेपूट? ते सॉफ्टवेअर एका सूत्राने काढते. धूमकेतूतून किती धूळ आणि वायू बाहेर पडेल हे कोणत्याही सूत्राला आधी नेमके सांगता येत नाही. पडद्यावर शेपूट लांब आणि लखलखीत होते. आम्ही गावाबाहेर माळावर जाऊन पाहिले तेव्हा ते फिकट होते, आधी द्विनेत्रीने (दोन डोळ्यांच्या दुर्बिणीने) शोधावे लागले आणि मग डोळ्यांना सापडले. या वेळी मात्र मी मुलांना आधीच सांगितले होते : जागा खरी, शेपूट अंदाजाचे. कुणी निराश झाले नाही. उलट एकाने वहीत रोजचे शेपूट स्वतः काढून ठेवले.

शनीच्या बाबतीत तारीख महत्त्वाची ठरते. त्याची कडी आपल्याला सदा सारखी दिसत नाहीत. २०१७ मध्ये ती सर्वांत जास्त उघडलेली होती आणि मार्च २०२५ मध्ये ती आपल्याकडे अगदी कडेने वळलेली होती, म्हणजे जवळजवळ नाहीशीच. त्या वर्षीही 'आज रात्री असा दिसेल शनी' म्हणून रुंद कड्यांचे चित्र फिरत होते. चित्र चुकीचे नव्हते, दुसऱ्या एखाद्या वर्षाचे होते. चित्रावर तारीख असती तर कोणत्याही शाळकरी मुलाने ते पकडले असते.

अलीकडे 'स्पेस इंजिन' नावाच्या सॉफ्टवेअरची चित्रे फार फिरतात. व्लादिमिर रोमान्युक या रशियन कारागिराने ते बनवले आहे, आणि कारागीर हा शब्द मी आदराने वापरते आहे. त्यात ज्ञात तारे यादीतून येतात. पण माणसाने न मोजलेल्या प्रदेशात संगणक सूत्रांनी नवे तारे, नवे ग्रह, त्यांवरचे डोंगर आणि ढग तयार करत जातो. अशा वस्तूंची नावेही वेगळी ठेवलेली असतात, म्हणजे बनवणाऱ्याने प्रामाणिकपणे खूण केलेली आहे. पण चित्र काढून पुढे पाठवताना नाव कापले जाते आणि कुणी कधीही न पाहिलेला, अस्तित्वात नसलेला ग्रह 'शास्त्रज्ञांना सापडला' म्हणून आपल्या मोबाईलवर येतो. जे ग्रह खरोखर सापडले आहेत त्यांचेही तेच. ट्रॅपिस्ट-१ या ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचे २०१७ च्या फेब्रुवारीत जाहीर झाले. तो तारा सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर आहे. ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, त्यावरून त्यांचा आकार आणि त्यांच्या वर्षाची लांबी कळली. त्यांवरचे समुद्र आणि किनारे कुणी पाहिलेले नाहीत. तरीही ते समुद्राचे चित्र मी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात 'फोटो' म्हणून लावलेले पाहिले आहे.

या सगळ्यावरून वाचकांचा समज व्हायला नको की मी या चित्रांच्या विरोधात आहे. १९६८ च्या २४ डिसेंबरला अपोलो ८ चंद्राभोवती फिरत असताना चंद्राच्या क्षितिजावर उगवणाऱ्या पृथ्वीचा जगप्रसिद्ध फोटो घेतला गेला. तो कोणत्या अंतराळवीराने घेतला यावर पुढे वर्षानुवर्षे घोळ होता. २०१३ मध्ये नासातल्या मंडळींनी चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाने मोजलेल्या डोंगरदऱ्यांवरून संगणकावर ते दृश्य पुन्हा उभे केले, यानात टायमरवर चालणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोंशी आणि अंतराळवीरांच्या ध्वनिमुद्रित बोलण्याशी ते जुळवले. यान त्या क्षणी वळत होते, पृथ्वी आधी कोणत्या खिडकीत आली, मग कोणत्या, हे मिनिट-सेकंदांनिशी दिसले आणि तो रंगीत फोटो बिल अँडर्स यांचाच हे पक्के झाले. संगणकचित्राने फोटोची साक्ष दिली. हे शक्य झाले ते प्रत्येक गोष्टीची वेळ आणि जागा कुणीतरी लिहून ठेवली होती म्हणून.

आपल्याकडचे उदाहरण ताजे आहे. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरताना पाहायला मला माझ्या जुन्या शाळेने बोलावले होते. पडद्यावर आकडे होते आणि खाली उतरणाऱ्या यानाचे संगणकचित्र होते. यान टेकले, सगळे उभे राहिले, टाळ्या, रडणे, सगळे झाले. नंतर चहा देताना शाळेतल्या मावशींनी मला हळूच विचारले, ''बाई, यानाचा कॅमेरा कुणी धरला हुता?'' त्या सभागृहात इतका नेमका प्रश्न दुसऱ्या कुणी विचारला नाही. बाहेरून यान दिसते आहे म्हणजे बाहेर कुणीतरी असले पाहिजे. मी त्यांना समजावून सांगितले आणि त्यांना ते चटकन पटले. पुढे दोनच दिवसांत रोव्हरच्या चाकांनी चंद्रावर उमटवलेली राजमुद्रा म्हणून एक ठळक, सुबक चित्र देशभर फिरले. तेही संगणकावर केलेले होते. खरे फोटो इस्रोने दिलेच होते, करडे, धुळीचे, सावल्यांचे. माझ्या मते तेच जास्त सुंदर होते.

आता मागणी. आपल्या दैनिकात ग्रह, तारे, ग्रहण, धूमकेतू यांचे कोणतेही चित्र छापाल तेव्हा त्याखाली एक ओळ द्यावी. फोटो असेल तर 'छायाचित्र', कुणी, कुठून, केव्हा. सॉफ्टवेअरमधले असेल तर 'संगणकचित्र', सॉफ्टवेअरचे नाव, कोणत्या ठिकाणाहून आणि कोणत्या तारखेचे व वेळेचे दृश्य. चित्रकाराची कल्पना असेल तर 'कल्पनाचित्र'. आणि एआयने बनवलेले असेल तर तसे स्पष्ट, कारण त्यामागे ताऱ्यांच्या जागांचे गणित असतेच असे नाही. मृग नक्षत्राला एकाऐवजी चार बाण असलेले चित्रही ते बिनदिक्कत काढून देते. यात आणखी एक गोष्ट हवी, जी मोठमोठी संकेतस्थळेही विसरतात : चित्रात आकाशाचा किती भाग आहे. अंश लिहिले तर सामान्य वाचकाला कळणार नाहीत. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंशांची असते, करंगळी १ अंशाची, पूर्ण चंद्र अर्ध्या अंशाचा. 'या चित्राची रुंदी अर्ध्या चंद्राएवढी, दुर्बीण लागेल' एवढे छापले असते, तर त्या मुलीने मोबाईल खाली ठेवून आकाशाकडे पाहिले असते.

ही ओळ चित्राच्या बाहेर नको, चित्राच्या चौकटीतच, खालच्या कडेला हवी. बाहेरचा मजकूर पुढे पाठवताना गळून जातो, हे मी अनुभवातून सांगते. मी आता प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात ती पिवळ्या अक्षरांत टाकते. दोन मिनिटे लागतात. सेलेस्टियात तर कंट्रोल आणि सी दाबले की त्या दृश्याचा पत्ताच नकलून घेता येतो. तो पत्ता ज्याला पाठवू त्याच्या संगणकावर तोच ग्रह, त्याच कोनातून, त्याच वेळी उभा राहतो आणि तो स्वतः तपासू शकतो. चित्र देणाऱ्याने पत्ताही द्यावा, अशी सवय मुलांना लागावी असे मला फार वाटते.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण आहे. दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका, सौदी अरेबिया या पट्ट्यात ते खग्रास दिसेल; इजिप्तमधल्या लक्सरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून जास्त टिकेल. महाराष्ट्रातून ते दुपारनंतर खंडग्रास आहे. आपल्याकडे कुठेही सूर्य पूर्ण झाकला जाणार नाही, दिवसा अंधार होणार नाही, आणि ग्रहणाच्या खास चष्म्याविना पाहणे एक क्षणही सुरक्षित नसेल. पण लक्सरची काळ्या सूर्याची संगणकचित्रे त्याआधी कित्येक दिवस आपल्याकडे फिरणार, कुणीतरी खाली 'सोलापूर' लिहिणार, आणि ते चित्र खरे मानून कुणीतरी मूल खग्रास स्थितीची वाट पाहत उघड्या डोळ्यांनी वर बघत बसेल. चित्राखालच्या ओळीचा प्रश्न त्या दिवशी डोळ्यांचा प्रश्न होणार आहे. शिवाय ऑगस्ट म्हणजे ढग. पुष्कळ गावांना सूर्य दिसणारच नाही, त्यांना वर्तमानपत्रातले चित्रच काय ते मिळेल. ते नीट असावे.

त्यासाठी मी एक काम करायला तयार आहे. बार्शी, सोलापूर, धाराशिव, लातूर, पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि आपण सांगाल त्या इतर गावांसाठी स्पर्श, मध्य आणि मोक्ष या तिन्ही वेळांची चित्रे करून देईन, प्रत्येकात गाव, वेळ, सॉफ्टवेअर आणि सूर्याचा झाकलेला भाग लिहिलेला. मोबदला नको. माझे गणित खगोलशास्त्राच्या एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावे, ही अट माझ्याकडून. चित्रे जून २०२७ अखेर आपल्या कार्यालयात पोचवीन. क्षितिज या वेळी आमच्या गच्चीवरून मी स्वतः काढलेल्या फोटोंचे असेल. ते स्टेलॅरियममध्ये बसवायला मी गेल्या महिन्यातच शिकले आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
बार्शी, जि. सोलापूर